रस्ता बंद, पण कोणासाठी? शहरातला रस्ता पायी माणसाला देताना खेड्यातल्या माणसाला विसरू नका

नांदेड/लातूर : चौकात बॅरिकेड लावलेलं, त्याच्यामागं पोलीस उभा, आणि समोर खांद्यावर पिशवी घेतलेला खेड्यातला माणूस. "रस्ता बंद हाय, तिकडून जा." हे चित्र नांदेडला अन् लातूरला वर्षातून कितीतरी वेळा दिसतं. कधी मिरवणूक असते, कधी मोर्चा, कधी सभा, कधी कुणीतरी मोठा पाहुणा येणार असतो. ऑटोवाला अर्ध्या रस्त्यात उतरवतो, "इथून पुढं पायीच जावं लागंल" म्हणतो, आणि भाडं मात्र पूर्ण घेतो.

म्हणजे रस्ता बंद होणं आपल्याकडं नवीन नाही. नवीन आहे ते वेगळंच. रस्ता ठरवून, आधी सांगून, काही तासांसाठी गाड्यांना बंद करायचा आणि पायी चालणाऱ्याला मोकळा द्यायचा. लेकरांनी खेळावं, म्हाताऱ्यांनी निवांत बसावं, बायकांनी धक्का न लागता बाजार करावा, एखादं भजन, शाहिरी, नाटुकलं व्हावं. मुंबई-पुण्यात असे प्रयोग झाले. जगात तर काही ठिकाणी ही पन्नास वर्षांची जुनी रीत आहे. आता मोठ्या शहरातली गोष्ट उशिरा का होईना लहान शहरात येतेच. नांदेड, लातूरलाही कधीतरी हा प्रयोग होईल.

तो व्हावा का? व्हावा. पण कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्यावर आणि कोणाला विचारून, हे ठरवताना खेड्यातून येणारा माणूस हिशेबात धरला पाहिजे. कारण या दोन्ही शहरांच्या बाजारात जी गर्दी असते, तिच्यातला मोठा वाटा तालुक्यातून, गावातून आलेल्यांचा आहे. आणि हा माणूस एसटीतून उतरला की पायीच चालतो.

मुंबई-पुण्यात काय झालं?

मुंबई पोलिसांनी २७ मार्च २०२२ पासून 'संडे स्ट्रीट्स' नावाचा उपक्रम सुरू केला. तेव्हा संजय पांडे हे पोलीस आयुक्त होते. नरिमन पॉइंट, वांद्रे, गोरेगाव, मुलुंड, विक्रोळी अशा ठिकाणचे ठरावीक रस्ते रविवारी सकाळी काही तास गाड्यांना बंद केले. लोक सायकली घेऊन आले, लेकरं स्केटिंग करू लागली, कुणी योगासनं केली, कुणी नुसतंच फिरलं. ज्या मुंबईत खेळायला अंगण नाही, तिथं दोन-तीन तासांसाठी रस्त्याचं अंगण झालं.

पुण्याचा प्रयोग थोडा वेगळा होता. पुणे महापालिकेनं ११ डिसेंबर २०२१ ला 'पादचारी दिन' साजरा केला आणि लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना दिला. लक्ष्मी रस्ता म्हणजे कापडाची, सोन्याची बाजारपेठ. लग्नाचा बस्ता बांधायला लांबून लोक तिथं जातात. म्हणजे हा प्रयोग सकाळच्या फिरायच्या रस्त्यावर नव्हता, भर बाजारपेठेत होता. नंतरच्या वर्षांतही ११ डिसेंबरला असा दिवस पाळला गेला.

त्याआधीही पुण्यात, कॅम्पातल्या महात्मा गांधी रस्त्यावर शनिवार-रविवारी संध्याकाळी 'वॉकिंग प्लाझा' भरायचा. लोकांना तो आवडायचा. पण पुढं तो बंद पडला. बाजारपेठेतला असा प्रयोग एकदा करून दाखवणं सोपं असतं, वर्षानुवर्षं चालवणं अवघड असतं. पार्किंग कुठं, दुकानदाराचा माल कधी उतरायचा, आतल्या गल्लीत राहणाऱ्यानं गाडी कशी काढायची, या प्रश्नांची उत्तरं दर आठवड्याला द्यावी लागतात.

देशात या चळवळीची सुरुवात दिल्लीजवळच्या गुरुग्राममधून झाली असं मानतात. तिथं १७ नोव्हेंबर २०१३ ला 'राहगिरी' सुरू झाली. आणि जगात सगळे जिचं उदाहरण देतात ती 'सिक्लोव्हिया' दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाच्या राजधानीत, बोगोटा शहरात, १९७४ पासून आहे. तिथं दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत जवळपास १२० किलोमीटरचे रस्ते सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना दिले जातात. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यावर तिथं पूर्ण रस्ता बंद करत नाहीत. एक बाजू माणसांना देतात, दुसऱ्या बाजूनं गाड्या चालू राहतात.

आपल्या मराठवाड्याचाही यात संबंध आला आहे. केंद्र सरकारनं 'स्ट्रीट्स फॉर पीपल' नावाची स्पर्धा शहरांसाठी घेतली होती. २०२२ च्या सुरुवातीला तिच्यातल्या पहिल्या टप्प्याची ११ विजेती शहरं जाहीर झाली. महाराष्ट्रातून पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर आणि तेव्हाचं औरंगाबाद अशी चार शहरं त्यात होती. या स्पर्धेची पद्धत चांगली होती. आधी रंग, कुंड्या, तात्पुरते खांब लावून रस्ता बदलून बघायचा, लोक काय म्हणतात ते ऐकायचं, मगच पक्कं बांधकाम करायचं. चुकलं तर खर्च थोडक्यात निभावतो.

आपल्याला हे शिकवायची गरज नाही

खरं तर रस्ता काही वेळ माणसांना द्यायचा ही रीत खेड्याइतकी कुणालाच माहीत नाही.

आठवडी बाजार घ्या. सहा दिवस ज्या रस्त्यावरून ट्रॅक्टर, ट्रक, जीप जातात, तोच रस्ता सातव्या दिवशी बाजार होतो. सकाळी पोती अंथरली जातात, पालं ठोकली जातात. मिरची, भाजी, कटलरी, चपला, जुने कपडे, कोयते-विळे, भजी-जिलेबी. ग्रामपंचायत बाजाराची वसुली करते. संध्याकाळी अंधार पडायच्या आत पालं निघतात आणि रात्री रस्ता पुन्हा गाड्यांचा होतो. कुणी त्याला इंग्रजी नाव दिलं नाही, पण 'रस्ता काही तास माणसांसाठी' म्हणजे दुसरं काय?

पोळ्याला वेशीतून बैल निघतात तेव्हा गावचा रस्ता बैलांचा असतो. काल्याच्या दिवशी दिंडीचा असतो. आषाढीच्या वारीला पालख्या निघाल्या की मोठमोठे हमरस्ते वारकऱ्यांसाठी मोकळे करतात, अवजड गाड्या दुसरीकडून वळवतात. त्याची फारशी तक्रार होत नाही, कारण पालखी कोणत्या दिवशी कुठं असणार, मुक्काम कुठं, विसावा कुठं, हे सगळं कितीतरी आधी ठरलेलं आणि जाहीर झालेलं असतं.

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यातलं माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची यात्रा भरते तेव्हा तिथं काय गर्दी होते हे वेगळं सांगायला नको. यात्रेच्या दिवसांत तिथली वाहतूक वळवावीच लागते. नांदेड शहरात दसऱ्याला आणि होळीला सचखंड गुरुद्वाऱ्यातून हल्लाबोल निघतो, तेव्हाही रस्ते मोकळे ठेवले जातात. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा असते. या सगळ्यांची तारीख पंचांगात असते, म्हणून माणूस आपलं काम मागं-पुढं करतो.

त्रास होतो तो न सांगता बंद केलेल्या रस्त्याचा. दवाखान्याची तारीख घेऊन, पन्नास-साठ किलोमीटरवरून आलेल्या माणसाला चौकात गेल्यावर कळतं की आज इथून जाता येत नाही. शहरातल्या माणसाला सकाळीच मोबाईलवर कळलेलं असतं. खेड्यातल्या माणसापर्यंत ती बातमी आलेलीच नसते.

चालणारा माणूस कोण आहे?

लातूरची गंजगोलाई बघा. गोल बाजारपेठ, मधोमध अंबाबाईचं देऊळ, आणि गोलाईला येऊन मिळणारे १६ रस्ते. मधली दुमजली इमारत १९१७ ची. सोनं, चपला, किराणा, मिरची, गूळ असा एकेका मालाचा एकेक रस्ता. शंभर वर्षांपूर्वी ही बाजारपेठ आखली तेव्हा मोटारी हाताच्या बोटावर मोजण्याइतक्याही नव्हत्या. बैलगाडीनं माल यायचा आणि माणूस पायी फिरायचा. आजही गोलाईत खरेदी पायीच होते, पण दोन दुचाकींच्या मधून अंग चोरून. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर लेकराचा हात सोडायची सोय नसते.

नांदेडमध्ये वजिराबाद, जुना मोंढा, इतवारा, सराफा इथं तसंच. बसस्थानकावर उतरलेली बाई वजिराबादला निघाली तर पदपथावर दुकानाचा माल, त्याच्या पुढं लावलेल्या मोटारसायकली, त्याच्या पुढं हातगाडे आणि त्याच्या पुढं ऑटो. तिनं चालायचं कुठून? रस्त्याच्या मधून.

नांदेडला एक संधी आधी आली होती. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या काळात केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून शहरात मोठी कामं झाली. काही रस्त्यांवर रुंद पदपथ केले, सायकलीसाठी वेगळी पट्टी ठेवली. त्या वेळी देशातल्या फार थोड्या शहरांनी चालणाऱ्याचा असा विचार केला होता. पण पदपथ बांधून काम संपत नाही, तो मोकळा ठेवावा लागतो.

आता एसटीकडं बघा. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. अर्ध्या तिकिटामुळं ज्या बायका आधी घरच्या गाडीवर मागं बसून यायच्या किंवा येतच नव्हत्या, त्या आता एकट्या, दोघी-तिघी मिळून शहरात येतात. दवाखाना, बँक, खरेदी, लेकीकडं जाणं. त्या सगळ्या बसस्थानकापासून पुढं चालणाऱ्या आहेत. सरकारनं त्यांचं तिकीट अर्धं केलं, पण बसमधून उतरल्यावर चालायला जागा दिली नाही.

आणि हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे जवळपास दर पाच मृत्यूंत एक माणूस असा, की जो कोणत्याच गाडीवर नव्हता.

१४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्यायोग्य पदपथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सगळ्या राज्यांनी पादचाऱ्यांच्या पदपथांसाठी नियम करावेत असंही सांगितलं. चालणाऱ्याला जागा देणं ही महापालिकेची मेहरबानी नाही, हे त्या निकालानं स्पष्ट झालं.

रविवारची सकाळ खेड्याच्या कामाची नाही

मुंबईचा नमुना जसाच्या तसा उचलला तर काय होईल? रविवारी सकाळी एखादा चांगला रुंद रस्ता बंद करतील. गाणी लावतील, योगा-झुंबा होईल, फोटो निघतील. शहरातल्या लोकांना दोन तास बरं वाटेल. त्यात वाईट काही नाही. शहरातल्या लेकरांनाही खेळायला जागा पाहिजेच.

पण सकाळचा तोच वेळ आसपासच्या गावातून दूध घेऊन येणाऱ्याचा आहे. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून तो शहरात रतीब घालत फिरतो. त्याला दोन किलोमीटरचा वळसा पडला तर उन्हाळ्यात दूध नासायची भीती. भाजीवाल्याचंही तसंच. पहाटे माल आणायचा, सौदा उरकायचा आणि ऊन चढायच्या आत विकायचा.

लातूर आणि नांदेडला आणखी एक गोष्ट आहे. ही दोन्ही शिकवणीची गावं. गावागावातली लेकरं इथं खोली करून राहतात. नीटची परीक्षा बहुतेक मे महिन्यातल्या रविवारीच असते. स्पर्धा परीक्षाही रविवारीच होतात. केंद्राकडं जाणारा रस्ता त्या दिवशी बंद असला आणि पोरगं दहा मिनिटं उशिरा पोचलं, तर त्याचं वर्ष गेलं. लग्नतिथी असली की रविवारी वऱ्हाडाच्या गाड्या वेगळ्याच.

म्हणून मुंबईच्या रविवार सकाळीपेक्षा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा नमुना आपल्या जास्त कामाचा आहे. जिथं माणूस खरंच चालतो, त्या बाजारपेठेत, खरेदीच्या वेळेत रस्ता मोकळा करायचा. गोलाईचा आतला गोल आणि तिला लागून असलेले दोन-तीन रस्ते दिवाळीच्या आधी काही दिवस दुपारी ११ ते संध्याकाळी ७ गाड्यांना बंद ठेवले तर त्याचा फायदा औसा, रेणापूर, चाकूरकडून आलेल्या माणसाला होतो. वजिराबादच्या बाजाराचा एक पट्टा तसा ठेवला तर लोहा, मुदखेड, अर्धापूरच्या माणसाला होतो.

ज्यांचा विरोध असतो, त्यांचंही खरं असतं

पहिला विरोध दुकानदाराचा. "गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येत नाही" असं त्याला वाटतं. ही भीती खोटी म्हणून सोडून देता येत नाही, कारण दुकानाचं भाडं त्याला भरायचं असतं. पण दारात लागलेल्या चार गाड्यांपैकी किती गाड्या गिऱ्हाइकाच्या आणि किती दुकानातल्याच लोकांच्या, हे एकदा मोजून बघायला हरकत नाही. चारचाकीच्या जागेत कितीतरी चालणारी गिऱ्हाइकं उभी राहतात. मात्र सिमेंट, लोखंड, धान्याची पोती, फर्निचर विकणाऱ्याला गाडी लागतेच. त्याच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये. कापड, सोनं, भांडी, चपला अशा पिशवीत मावणाऱ्या मालाच्या रस्त्यावर करावा. आणि माल उतरवायला सकाळी १० च्या आतली वेळ ठेवावी.

दुसरा प्रश्न दवाखान्याचा. खेड्यातला माणूस शहरात येतो तो बऱ्याच वेळा दवाखान्यासाठीच. बाळंतीण, साप चावलेला, छातीत दुखणारा, यांची गाडी बॅरिकेडपाशी अडली तर सगळा प्रयोग फुकट. ज्या रस्त्यावर दवाखाने दाटीनं आहेत तो रस्ता निवडूच नये. निवडलेल्या रस्त्यावरही मधोमध एक पट्टी कायम मोकळी पाहिजे. तिथं मंडप नको, खुर्च्या नकोत, स्टेज तर नकोच.

तिसरा प्रश्न हातगाडीवाल्याचा, आणि त्याच्याकडं फार कमी लोक बघतात. रस्ता 'सुंदर' करायचा म्हटलं की आधी त्याला हाकलतात. वर्षभर त्या कोपऱ्यावर केळी विकणारा माणूस त्या दिवशी गल्लीत जाऊन उभा राहतो आणि त्याच्या जागेवर खाद्यपदार्थांचे भाड्याचे स्टॉल लागतात. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, शहरात पथविक्रेता समिती असावी असं त्यात आहे. रस्ता बंद करायचा असेल तर त्या समितीत आधी चर्चा झाली पाहिजे.

चौथा प्रश्न ज्याला चालताच येत नाही त्याचा. अपंग माणूस, गुडघे गेलेली म्हातारी, ऑपरेशन झालेला पेशंट. यांच्यासाठी बसस्थानकापासून बाजाराच्या टोकापर्यंत एखादी छोटी गाडी किंवा ई-रिक्षा चालू पाहिजे.

शेतकऱ्याला यात काय मिळंल?

नुसती गैरसोय कमी होणं एवढंच नाही, थोडी कमाईही होऊ शकते. राज्याच्या कृषी पणन मंडळानं २०१६ मध्ये संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केलं. शेतकऱ्यानं आणि शेतकरी गटानं मधला दलाल न ठेवता शहरात थेट माल विकावा, हा त्याचा हेतू. अशा बाजाराला नेहमी अडचण येते ती जागेची. मैदान मिळत नाही, मिळालं तर गावाबाहेर मिळतं आणि तिथं गिऱ्हाईक येत नाही.

बंद केलेल्या रस्त्याची एक बाजू महिन्यातून एकदा शेतकरी गटांना आणि महिला बचत गटांना दिली तर ती अडचण सुटते. भाजी, डाळी, जवस-कारळाची चटणी, पापड, कुरडया, हळद, गूळ. लातूर-नांदेडची तूर आणि हरभरा आपल्या शेतातला, पण डाळ होऊन पिशवीत भरल्यावर ती दुसऱ्याच्या नावानं विकली जाते. गावातल्या मिनी डाळमिलचा माल थेट शहरातल्या घरात गेला तर दोघांनाही परवडतं. फक्त जागा देताना चिठ्ठी टाकून द्यावी आणि नावं जाहीर करावीत, नाहीतर ओळखीच्याच लोकांचे स्टॉल लागतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा मर्यादा घालता येते. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर ती राजपत्रात छापायची गरज नाही. पण परिस्थितीप्रमाणे स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते, असं त्यातच लिहिलं आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ मध्ये वाहतुकीचे नियम करायचे अधिकार आहेत. जिथं पोलीस आयुक्तालय नाही, जसं नांदेड आणि लातूर, तिथं हे अधिकार जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी वापरतात.

यातले 'स्थानिक प्रसिद्धी' हे दोन शब्द आपल्या कामाचे आहेत. जिल्हाधिकारी हे एकट्या शहराचे नाहीत. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके, लातूर जिल्ह्यात १०. किनवट-माहूरच्या किंवा देवणी-जळकोटच्या माणसाचं काम जिल्ह्याच्या गावाला पडतंच. मग प्रसिद्धी शहरातल्या चौकात फलक लावून पूर्ण कशी होणार? ती तालुक्याच्या बसस्थानकावर, पंचायत समितीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली पाहिजे. एसटीच्या वाहकाला माहीत असलं पाहिजे. याला पैसे लागत नाहीत, आठवण लागते.

मग करायचं काय?

दोन्ही महापालिकांना आणि जिल्हा प्रशासनाला हे जमण्यासारखं आहे :

• सुरुवातीला एकच रस्ता, एकच दिवस. पक्कं बांधकाम काही नको. दोऱ्या, बॅरिकेड, रंग एवढ्यावर भागतं.

• तारीख आणि वेळ किमान आठ दिवस आधी जाहीर. परीक्षा, मोठी लग्नतिथी, मोर्चा, यात्रा बघून तारीख ठरवायची.

• रस्त्याच्या दोन्ही टोकांना पार्किंग आणि ऑटो थांबा. ऑटोचं भाडं त्या दिवसापुरतं ठरवून फलकावर लिहायचं.

• मधोमध रुग्णवाहिकेची आणि अग्निशमनाची पट्टी.

• पिण्याचं पाणी, सावली आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. मराठवाड्याच्या उन्हात नुसता मोकळा रस्ता देऊन कुणी चालत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारचा प्रयोग करूच नये.

• आवाजाची मर्यादा. बाजार करायला आलेल्या माणसाला डीजे नको असतो.

• नंतर मोजणी. त्या दिवशी किती लोक आले, दुकानाचा धंदा वाढला का घटला, हातगाडीवाल्याचं काय झालं, वळसा कुणाला पडला. हे विचारायला माणसं बसस्थानकावरही उभी करायची, नुसती कार्यक्रमात नाही.

हे सगळं करून जर लोकांनी नको म्हटलं, तर रस्ता परत गाड्यांना द्यायचा. तात्पुरत्या प्रयोगाचा हाच फायदा आहे.

आपल्या गावच्या रस्त्याचं काय?

शहराला शहाणपण सांगताना गावाकडंही बघावं लागतं. कितीतरी गावांत आठवडी बाजार राज्यमार्गाच्या कडेलाच भरतो. पालाच्या मागं दोन हातावर ट्रक जातो. भाजी निवडत बसलेल्या बाईची पाठ रस्त्याकडं असते. तिथं ना वाहतूक वळवलेली असते, ना गती कमी करायला काही असतं. शाळा सुटल्यावर पोरं त्याच रस्त्यानं जातात.

बाजाराच्या दिवशी तो पट्टा चार-सहा तास गाड्यांना बंद करून वाहतूक दुसऱ्या रस्त्यानं काढता येते का, किंवा बाजार आतल्या मोकळ्या जागेत नेता येतो का, हे ग्रामसभेत ठरवून तहसीलदार आणि पोलीस ठाण्याकडं लेखी मागता येतं. बाजाराची वसुली ग्रामपंचायत घेते, तर बाजारात येणाऱ्याच्या जिवाची काळजीही तिनंच घ्यायला पाहिजे. ग्रामसभेच्या विषयांत हा विषय टाकायला एक अर्ज पुरतो. अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नये.

रस्ता हा सगळ्यांच्या पैशातून होतो. गाडी असणाऱ्याच्या आणि नसणाऱ्याच्याही. मिरवणुकीसाठी तो बंद होतो, मंत्र्याच्या ताफ्यासाठी होतो. एखाद्या दिवशी काही तास तो पिशवी घेऊन चालणाऱ्या माणसासाठी बंद झाला तर कुणाचं नुकसान नाही. फक्त त्या दिवशी चौकातल्या पोलिसानं खेड्यातून आलेल्या माणसाला "तिकडून जा" म्हणू नये. "या, आज रस्ता तुमचाच हाय" म्हणावं. तसं झालं तरच हा प्रयोग आपल्या कामाचा.